ओढ्यापर्यंत

एका जंगलात शाळा होत्या दोन, आणि पिल्लं मात्र दोन्हीकडची मिळून एका शाळेपुरती.

मुलांनो, आणि मुलांच्या खांद्यावरून वाकून वाचणाऱ्या आईबाबांनो, त्यातली एक शाळा ओढ्याच्या अलीकडे होती, वडाखाली. दुसरी पलीकडे, जांभळाखाली. वडाखालच्या शाळेत पारंब्या होत्या, त्यामुळे खेळाचा तास जोरात चालायचा. जांभळाखालच्या शाळेत सगळ्यांच्या वह्यांवर डाग असायचे. बाकी फरक नव्हता. पण दोन्हीकडच्या पालकांना विचारलं तर फरक सांगता सांगता संध्याकाळ व्हायची.

दोन्ही शाळांचा आपापला पालक-शिक्षक संघ होता. शिक्षक एकेकच होते आणि ते सभेत फारसं बोलत नसत. म्हणून आपण त्याला नुसतं पालक संघ म्हणू.

दोन्ही संघांत एक चांगली पद्धत होती. तिला म्हणायचे 'सोबतीचा वार'. एका वारी एका घराने सगळी पिल्लं गोळा करायची, शाळेत सोडायची, आणि शाळा सुटली की घरोघर पोचवायची. आज अस्वलांची पाळी, उद्या चितळांची, परवा सशांची. कुठलं पिल्लू एकटं पडत नसे आणि कुठली आई रोज अडकत नसे. ही पद्धत कोणी काढली ते कोणाला आठवत नाही. अध्यक्ष कोण कोण होऊन गेले ते मात्र सगळ्यांना पाठ आहे.

आता एक गंमत ऐका. पिल्लांना घेऊन कुठपर्यंत जायचं, याचा नियम दोन्ही संघांत अगदी एका शब्दाचा होता. 'ओढ्यापर्यंत.' अलीकडच्यांनी अलीकडच्या काठापर्यंत, पलीकडच्यांनी पलीकडच्या. पुढे दुसऱ्यांची हद्द. खुद्द ओढ्यात उतरायची वेळ कोणावर येतच नव्हती, म्हणून ओढ्याचा नियम कोणी केला नव्हता.

अलीकडच्या काठाजवळ एका बिळात सायाळबाई राहायची. सायाळ म्हणजे अंगभर काटे असलेला प्राणी. तिला एकच मुलगी होती. तिचं नाव सुई. सुईचे काटे अजून मऊ होते, पण ती ते कोणाला कळू देत नसे. सुईला शाळा भारी आवडायची. ती 'ढ' पर्यंत आली होती आणि 'ण' ची वाट बघत होती. कारण 'ण' बाणातला, आणि बाण म्हणजे जवळजवळ काटाच.

सायाळबाई शिकलेली होती. त्यामुळे काळजी करायला तिच्याकडे पुष्कळ विषय होते. सभेला ती नेहमी वेळेवर यायची आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहायच्या. कोणी मुद्दाम करत होतं असं नाही. पण चुकूनसुद्धा कोणी बसत नव्हतं.

एके दिवशी सिंहाच्या कचेरीतून हुकूम आला. 'पटसंख्या कमी असल्याने दोन्ही शाळांचं समायोजन करण्यात येत आहे. यापुढे शाळा जांभळाखाली भरेल.' सिंहाची स्वतःची पिल्लं डोंगरापलीकडच्या जंगलात शिकत होती. त्यामुळे निर्णय अगदी निःपक्षपाती होता.

शाळा एका दिवसात एक झाली. फळा उचलला आणि नेला. पण संघ एक व्हायचे होते. ते काय फळा आहेत?

पहिली एकत्र सभा ओढ्याच्या दोन्ही काठांवर भरली. अलीकडचे अलीकडे बसले, पलीकडचे पलीकडे, आणि सगळे ओरडून बोलू लागले. अलीकडच्या अध्यक्ष अस्वलबाई होत्या. त्या फार गोड बोलायच्या. पलीकडचे अध्यक्ष सांबरराव होते. त्यांची शिंगं एवढी मोठी होती की ते मान हलवायचे तेव्हा सगळ्यांना तो ठरावच वाटायचा.

"पहिला विषय, नव्या संघाचं नाव," अस्वलबाई म्हणाल्या. "मला वाटतं, वड-जांभूळ पालक संघ."

"जांभूळ-वड," सांबरराव म्हणाले. "असं आहे की, वर्णमालेत ज आधी येतो."

"आणि वयाने वड आधी येतो!"

"शाळा कोणाच्या झाडाखाली भरणार आहे?"

"आणि पिल्लं कोणाची जास्त आहेत?"

हे बराच वेळ चाललं. मग सायाळबाईने हात वर केला. तिला सभेत बोलायचं म्हणजे धडधडायचं, आणि धडधडलं की काटे उभे राहायचे. आसपासचे आणखी थोडे सरकले.

"मी काय म्हणते..." ती म्हणाली. "चुकत असेन तर सांगा. पण ओढ्याचं काय?"

"ओढ्याचं काय म्हणजे?" सांबररावांनी विचारलं.

"आमची पिल्लं पलीकडे येणार. मध्ये पाणी आहे. मोठ्यांच्या गुडघ्याएवढं असेल, पण सुईच्या डोक्यावरून जाईल. माझ्यासुद्धा नाकावरून जातं. तर तिथे सोबत कोण करणार?"

"ताई, आमच्या नियमात अगदी स्पष्ट आहे," सांबरराव म्हणाले. "ओढ्यापर्यंत."

"अगं बाई, आमच्याही नियमात तेच आहे!" अस्वलबाई म्हणाल्या. "ओढ्यापर्यंत!"

दोघांनी पाण्यावरून एकमेकांकडे पाहिलं. दोघांचा ऊर भरून आला.

"म्हणजे या मुद्द्यावर आपलं एकमत आहे," सांबरराव म्हणाले.

"शब्दाला शब्द जुळतोय!"

दोन्ही काठांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. विलीनीकरणाचा पहिला मुद्दा एकमताने मंजूर झाला. सगळे वाजवत होते म्हणून सायाळबाईनेही टाळ्या वाजवल्या. घरी जाताना तिला वाटलं, आपल्यालाच काहीतरी समजलं नसेल.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. अलीकडच्यांनी सगळी पिल्लं अगदी वेळेवर ओढ्यापर्यंत आणली, टाटा केला आणि ते घरी गेले. पलीकडचेही अगदी वेळेवर ओढ्यापर्यंत आले आणि वाट बघत उभे राहिले. नियम दोन्हीकडून पाळला गेला.

चितळांची पाडसं उडी मारून गेली. अस्वलांची पिल्लं पाण्यातून चालत गेली. ससे आणि सुई काठावर बसून राहिले. पलीकडे प्रार्थना सुरू झाली तेव्हा सुईने इथूनच हात जोडले.

सायाळबाई दुसऱ्या दिवशी काठावर उभी राहून मुख्याध्यापकांना हाका मारू लागली. मुख्याध्यापक म्हणजे कासवसर. ते सावकाश पाण्यात उतरले आणि सावकाश अलीकडे आले.

"सर, आमच्या सुईला ओढा ओलांडता येत नाही हो."

"ओढा?" कासवसरांनी मागे वळून पाहिलं. "हा होय? हा तर मला रस्ताच वाटतो. इतकी वर्षं नोकरी केली, पण पाण्याची अशी तक्रार कोणी केली नव्हती."

"सर, तुम्ही कासव आहात."

"ते सेवापुस्तकात आहेच. पण ताई, पिल्लांना आणणं हा पालकांचा विषय. संघाकडे मांडा. मला संघाच्या कामात ढवळाढवळ करता येत नाही." आणि ते सावकाश परत गेले. जाताना सुईला म्हणाले, "गैरहजर राहू नये हं, बाळ."

मुलांनो, ओढ्याच्या अलीकडच्या काठावर ऐनाचं एक जुनं खोड पडलेलं होतं. चांगलं लांब आणि सरळ. सायाळबाईच्या मनात आलं, हे नुसतं आडवं ढकललं तर पूल होईल. तिने आणि सशांनी मिळून ढकलून पाहिलं. खोड हललं नाही. त्याला अस्वल हवं होतं, सांबर हवं होतं.

ती अस्वलबाईंकडे गेली.

"कल्पना छानच आहे," अस्वलबाई म्हणाल्या. "पण खोडाचं एक टोक आपल्या काठावर राहणार आणि दुसरं त्यांच्या. म्हणजे संयुक्त ठराव लागेल. ठरावावर संघाचं नाव लागेल. आणि नाव तर ते ठरवू देत नाहीयेत."

"मग तोवर तुम्ही पिल्लांना पाठीवरून न्याल का? तुमची मुलं जातातच."

"नेलं असतं हो! ससे काय, बसतील चटकन. पण सुईचे काटे टोचतात. आणि सशांना नेलं आणि सुईला नाही, तर तुम्हाला वाईट वाटेल. मला ते बघवणार नाही."

असं म्हणून त्यांनी कोणालाच नेलं नाही.

त्या जंगलात निरोप द्यायचं काम सुतारपक्षी करायचा. त्याने पोकळ खोडावर टकटक केली की सगळ्यांना ऐकू जायचं. याला ग्रुप म्हणत. नव्या ग्रुपला दोन सुतारपक्षी होते, दोन्ही काठांचे एकेक, कारण एकच ठेवला असता आणि त्याने दुसऱ्या काठाला काढून टाकलं असतं तर? सायाळबाईने बरीच खाडाखोड करून निरोप दिला : 'नमस्कार. काठावर ऐनाचं खोड पडलेलं आहे. दोघातिघांनी ढकललं तर पूल होईल. उद्या कोणाला जमेल का?'

लगेच टकटक सुरू झाली. 'शुभ सकाळ.' 'सुप्रभात, दिवस आनंदात जावो.' 'ससेरावांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' 'भूगोलाचा गृहपाठ कोणी सांगेल का?' 'ससेरावांना शुभेच्छा.' 'छान.' हे छान कशाला होतं ते कळलं नाही. शेवटी अस्वलबाईंची टकटक आली : 'ताई, सकाळी सकाळी ग्रुपवर नकारात्मक नको.'

सायाळबाईने आपला निरोप मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. यात नकारात्मक काय होतं? बहुतेक 'पडलेलं' हा शब्द, असं तिला वाटलं. 'आडवं' तरी म्हणायला हवं होतं.

(तुम्ही म्हणाल, तिने भांडायचं होतं. मुलांनो, ज्या बाईच्या शेजारी आधीच कोणी बसत नाही, तिने भांडावं असं म्हणणं सोपं असतं.)

सुई रोज दप्तर घेऊन काठावर जात राहिली. वारा इकडे वाहत असला की पलीकडचा वर्ग ऐकू यायचा. एकदा ती पळत घरी आली. "आई, आज 'ण' झाला! मला नुसतं ऐकू आलं. काढतात कसा ते दिसलं नाही."

सायाळबाई त्या दिवशी तडक सभेला गेली आणि काटे उभे करून मोठ्याने म्हणाली, "ओढ्याचं काय?" बसताना पुन्हा म्हणाली. उठताना पुन्हा म्हणाली. संघाच्या इतिहासात एवढ्या मोठ्याने कोणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी अस्वलबाई मधाचं पोळं घेऊन तिच्या बिळाशी आल्या. सोबत सांबररावांचा निरोप होता. दोन्ही अध्यक्षांचं पहिल्यांदाच एका नावावर एकमत झालं होतं. ते नाव सायाळबाईचं होतं.

"आम्ही ओढा सुरक्षा उपसमिती नेमतोय," अस्वलबाई म्हणाल्या. "अध्यक्ष तुम्ही. तुमच्यासारख्या शिकलेल्या बायकांनी पुढे यायला नको का?"

"मला कसं जमेल?" सायाळबाई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. तोवर अस्वलबाईंनी पळसाच्या पानाचा बिल्ला लावूनही टाकला होता. काट्याला बिल्ला इतका छान अडकतो की मुद्दाम त्याच्यासाठीच केल्यासारखा वाटतो.

"पण उपसमितीची सभा पलीकडे, जांभळाखाली ना?" सायाळबाईला एकदम आठवलं. "मी येणार कशी? पाणी माझ्या नाकावरून जातं."

"एवढंच ना! माझ्या पाठीवर बसा."

"आणि काटे?"

"केळीच्या पानांची जाड घडी घालू की पाठीवर. त्यात काय एवढं!"

दुसऱ्या दिवशी सुई दप्तर घेऊन काठावर बसली होती. तिने पाहिलं, अस्वलबाई आल्या. पाठीवर केळीच्या पानांची घडी. घडीवर आई. आईच्या काट्यावर बिल्ला. अस्वलबाईंचा एक पाय पाण्यात गेला होता.

सुई उठून उभी राहिली. "आई, मीपण बसू? तुझ्या पुढ्यात बसेन. अज्जिबात हलणार नाही."

सायाळबाईने अस्वलबाईंकडे पाहिलं. अस्वलबाईंनी आभाळाकडे पाहिलं.

"बाळा, ही पदाधिकाऱ्यांची सोय आहे गं," अस्वलबाई म्हणाल्या. "एकीला नेलं की सगळे मागे लागतील. आणि अध्यक्षांच्याच मुलीला नेलं, तर लोक काय म्हणतील आईला?"

सायाळबाईच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण सभेला उशीर होत होता, आणि पहिला विषय ओढाच होता.

"सुई," ती म्हणाली, "आई तुझ्यासाठीच चालली आहे ना?"

आणि ती गेली.

त्या सभेत पहिल्यांदाच तिच्या शेजारी कोणीतरी बसलं. एका बाजूला चितळीण, दुसऱ्या बाजूला रानडुकरीण. थोड्या तिरक्या बसल्या, पण बसल्या. सायाळबाईने काटे अंगाशी घट्ट मिटून घेतले. इतके घट्ट मिटता येतात हे तिलाही माहीत नव्हतं.

उपसमितीचं काम जोरात सुरू झालं. आधी नावावर चर्चा झाली. ओढा सुरक्षा की सुरक्षित ओढा? मग ओढ्याची पाहणी झाली. सांबरराव पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "गुडघ्याएवढं." कासवसर म्हणाले, "रस्ताच आहे." दोन्ही मतांची नोंद झाली. सायाळबाई आता रोज पलीकडे जाऊ लागली. घडीवर तोल कसा सांभाळायचा तेही तिला जमू लागलं. एक हात वर करून ती दोन्ही काठांना नमस्कार करायची.

एकदा काठावर एक उंदरीण भेटली. तिचं पिल्लू नुकतंच शाळेच्या वयाचं झालं होतं. "अहो ताई," तिने पाठीवरच्या सायाळबाईला खालून हाक मारली. "मी काय म्हणते, चुकत असेन तर सांगा. पण ओढ्याचं काय?"

सायाळबाईने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. आवाज आपोआप अस्वलबाईंसारखा गोड झाला. "ताई, तुम्ही नवीन दिसता. ग्रुपवर टाका."

सुई तिथेच बसली होती. तिने ते ऐकलं. ऐकलेलं तिला लगेच पाठ व्हायचं, हुशार होती पोर.

अखेर संघाचं नाव ठरलं. 'संगम पालक महासंघ.' त्यात वडही नव्हता आणि जांभूळही नव्हतं, म्हणून दोघांचाही विजय झाला. सोहळा ठरला. पाहुणे म्हणून सिंहाच्या कचेरीतले तरससाहेब येणार होते. पण साहेबांना बसवायचं कुठे? व्यासपीठ हवं.

"काठावर ऐनाचं खोड आहे की!" सांबरराव म्हणाले. "चांगलं लांब, सरळ."

ठराव लगेच झाला, कारण आता ठरावाला नाव होतं.

दोन्ही काठांवरचे सगळे दांडगे प्राणी जमले. अस्वलं, सांबरं, रानडुकरं. ओढ्याच्या कामात अनुभवी म्हणून देखरेख सायाळबाईकडे दिली होती. ती पलीकडच्या चढावर उभी राहून हात हलवत होती. "जोर लावा! हं, आता डावीकडे! सुरक्षितता पाळा!"

खोड ढकललं तसं ते पाण्यात उतरलं आणि मध्येच अडकलं. एक टोक या काठाला टेकलं, दुसरं त्या काठाला. दांडगे प्राणी दम खायला थांबले.

खोड आता हुबेहूब पुलासारखं दिसत होतं. हुबेहूब कशाला, पूलच होता तो. ओढ्यावर आडवा, दोन्हीकडे टेकलेला, अजिबात न हलणारा.

अलीकडच्या काठावर एका लहानशा पिल्लाने पाठीवरचं दप्तर घट्ट केलं. एक पाय खोडावर ठेवला. मग दुसरा.

"अहो, ते कोणाचं पिल्लू आहे?" सायाळबाई चढावरून ओरडली. लांबून तिला नीट दिसत नव्हतं. "बाजूला घ्या त्याला! साहेब यायची वेळ झाली!"

पिल्लू थबकलं. त्याने आवाज ओळखला होता. त्याने एक पाय मागे घेतला, मग दुसरा. सांबररावांनी शिंगं लावली, अस्वलबाईंनी खांदा लावला, आणि सगळ्यांनी मिळून पूल ओढून वर नेला. चढावर खोड चढवताना सगळे घामाघूम झाले. पण त्या कामाने दोन्ही संघ मनाने अगदी एक झाले, असं नंतरच्या भाषणात सगळ्यांनी सांगितलं.

सोहळा फार देखणा झाला. खोडावर मध्ये तरससाहेब, एका बाजूला अस्वलबाई, दुसऱ्या बाजूला सांबरराव. सांबररावांच्या शेजारी सायाळबाई, आणि तिच्याही शेजारी चितळीण, अगदी चिकटून. सायाळबाईचं 'ओढा : एक आव्हान' या विषयावर भाषण झालं. तरससाहेब म्हणाले, "अशा जागरूक माता प्रत्येक जंगलात हव्यात." टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा वारा फिरला आणि ओढ्याच्या अलीकडून पिल्लांचे आवाज आले. काठावर राहिलेले ससे, उंदरिणीचं पिल्लू आणि सुई कसलासा खेळ खेळत होते.

"पिल्लं काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांनी कान दिले.

"पण ओढ्याचं काय?" बारीक आवाजात उंदराचं पिल्लू म्हणालं.

"ताई, तुम्ही नवीन दिसता," सुईचा आवाज आला. फार गोड. "ग्रुपवर टाका. एकमताने मंजूर!"

आणि अलीकडच्या काठावर इवल्या हातांच्या टाळ्या वाजल्या.

"वा!" तरससाहेब खूश झाले. "शाळेत न येताच एवढं शिक्षण? मग या पिल्लांना शाळेची गरजच काय?" त्यांच्या कारकुनाने ते टिपून घेतलं.

सायाळबाईचे काटे सर्रकन उभे राहिले. सगळेच्या सगळे. चितळीण दचकून बाजूला सरकली. सांबरराव सरकले. खोडावर सायाळबाईच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी झाली, पूर्वीसारखी.

सायाळबाईने एकदा ओढ्याकडे पाहिलं. एकदा त्या रिकाम्या जागांकडे पाहिलं.

मग तिने हळूहळू, एकेक करून, सगळे काटे मिटून घेतले. बिल्ला वाकडा झाला होता, तो सरळ केला. चितळीण पुन्हा शेजारी येऊन बसली.

पुढचा विषय सुरू झाला.

तात्पर्य : मुलांनो, ओढा ओलांडायचा असेल तर पूल मागू नये, पद मागावं. पुलावरून काय, कोणीही जातं. मग पाठीवर बसण्यात मजा काय उरली?